कंपनीची माहिती टिपांपासून वाचावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर कंपन्यांचे नफे, विस्तार आणि मूल्यांकने नित्य छापून येतात. मात्र हे आकडे मूळ कागदपत्रांवरून कसे पडताळावेत, हे वाचकांना क्वचितच सांगितले जाते, म्हणून हे पत्र.

शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीबाबत माहितीची टंचाई नसते. तिला वार्षिक अहवाल, तिमाही निकाल आणि महत्त्वाच्या घडामोडी जाहीर कराव्याच लागतात. अमेरिकेत असे दस्तऐवज ‘एडगर’ या सरकारी संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. चूक होते ती वाचण्याच्या क्रमात. बहुतेक जण अध्यक्षांच्या निवेदनापाशी आणि रंगीत आलेखांपाशीच थांबतात, पण कंपनीची खरी प्रकृती लेखापरीक्षकाच्या अहवालात, रोकड किती आली-गेली हे दाखवणाऱ्या रोख प्रवाह पत्रकात आणि हिशेबांना जोडलेल्या टिपांत कळते. नफा वाढत असताना व्यवसायातून येणारी रोकड वर्षानुवर्षे आटत असेल, प्रवर्तकांच्याच इतर संस्थांशी मोठे व्यवहार होत असतील किंवा लेखापरीक्षक मुदतीआधी पायउतार झाला असेल, तर पुढे जाण्यापूर्वी त्याचे कारण शोधलेच पाहिजे. डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या 2000 सालच्या हिशेबांत, कंपनीच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याशी निगडित भागीदारी संस्थांबरोबरच्या व्यवहारांचा उल्लेख टिपांमध्ये होता. भाषा दुर्बोध होती, तरी उल्लेख होता. अर्थात सत्यम या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या लेखापरीक्षित ताळेबंदातली रोकडच खोटी असल्याचे 2009 मध्ये उघड झाले, त्यामुळे एकाच कागदावर भिस्त ठेवता येत नाही.

खासगी, म्हणजे शेअर बाजारात सूचिबद्ध नसलेल्या, कंपनीचा शोध याहून कष्टाचा आहे, आणि माझ्या मते अधिक गरजेचाही, कारण तिथे नोकरी धरणाऱ्या किंवा उधारीवर माल देणाऱ्या माणसासाठी विश्लेषकांचे अहवाल कोणी लिहीत नाही. ब्रिटनमध्ये ‘कंपनीज हाउस’कडे खासगी कंपन्यांचे हिशेब, संचालकांची नावे आणि मालमत्तेवरील बोजे विनामूल्य पाहता येतात, भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून हे दस्तऐवज शुल्क भरून मिळतात, अमेरिकेत मात्र बहुतेक खासगी कंपन्यांवर हिशेब प्रसिद्ध करण्याचे बंधन नाही, म्हणून न्यायालयीन दावे, परवाने आणि पेटंट यांवरून अंदाज बांधावा लागतो. जिथे संचालकांची नावे मिळतात, तिथे त्यांच्या आधीच्या कंपन्यांचे काय झाले तेही अवश्य पाहावे. गुंतवणूकदारांनी ठरवलेले मूल्यांकन हा काही तपासलेला हिशेब नव्हे: थेंबभर रक्तात अनेक चाचण्या करण्याचा दावा करणाऱ्या थेरानोस या अमेरिकी कंपनीचे मूल्यांकन सुमारे 9 अब्ज डॉलरपर्यंत गेले होते, तेव्हाही तिचे यंत्र दाव्याप्रमाणे चालत नव्हते.

आपण अशा प्रत्येक बातमीत आकडा कोणत्या दस्तऐवजातून घेतला आहे आणि तो लेखापरीक्षित आहे की नाही, एवढे एका ओळीत नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक