चहाचं आइस्क्रीम

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चहाच्या आइस्क्रीमची कृती विचारलीस, मी हिमोग्लोबिनचं विचारलं आणि तू फोन ठेवलास. म्हणून या पत्रात फक्त आइस्क्रीम. 8.4 हा आकडा मी काढणार नाही.

फुल क्रीम दूध घे, एक लिटर. आटवून पाऊण लिटर कर. आटत असतानाच मोठा चमचाभर कॉर्नफ्लॉवर गार दुधात कालवून घाल आणि 150 ग्रॅम साखर. तुझ्या जोरहाटच्या मैत्रिणीने घरून आणलेली लांब पानांची पत्ती तिची तिला राहू दे, ती कोऱ्या चहाची. इथे आपली दाणेदार सीटीसीच हवी, दुधात तिचाच रंग उतरतो. (जोरहाटला टोकलाई म्हणून चहा संशोधन केंद्र आहे, 1911 सालापासूनचं. तिने पाहिलंय का विचार.) पत्ती सपाट चार मोठे चमचे. जास्त वाटेल, पण गार पदार्थाची चव आणि गोडी जिभेला कमीच लागते. म्हणून गरम असताना चाखलंस तर नको इतकं कडक आणि नको इतकं गोड लागलं पाहिजे.

पत्ती दुधात रटरट उकळू नकोस. गॅस बंद करून टाक, झाकण ठेव, पाच मिनिटांनी गाळ. उकळत राहिलीस तर तुरटपणा उतरतो. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि जेवणातलं लोह हेच टॅनिन अडवून ठेवतं. जेवण झालं की लगेच कप हातात घ्यायची तुझी सवय... असो.

आलं घालायचंच असेल तर किसून आधी पाण्यात चांगलं उकळ, कच्च्या आल्याने दूध फाटतं. त्यापेक्षा गवती चहाची पात बरी. सगळं पूर्ण गार झालं की 200 मिली क्रीम घाल. आई आइस्क्रीम मऊ आणि दाट व्हावं म्हणून जीएमएस आणि सीएमसी पावडर घालते, तुझ्याकडे नसली तर अडत नाही. रुंद स्टीलच्या डब्यात फ्रीजरला ठेव. कडा धरल्या आणि मध्ये अजून लिबलिबीत आहे असं दिसलं की मिक्सरमधून फिरवून परत ठेव. हे दोनदा तरी कर, नाहीतर बर्फाचे खडे होतात. आणि साखर कमी करायचा शहाणपणा करू नकोस. साखर गोठणबिंदू खाली आणते, म्हणून तर चमचा आत जातो. वर्ग घ्यायला लागलो बघ. माफ कर, निवृत्त होऊनही खडू सुटत नाही.

बर्फात खडे मीठ घातलं की पारा शून्याखाली 15 अंशांपर्यंतही जातो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. तुला मात्र ते वाड्याच्या चौकात आइस्क्रीमच्या पॉटवर बसून कळलं. दांडा जड झाला की पोत्याची घडी टाकून तुला वर बसवायचो आणि बंडू फिरवायचा. लहान मुलांना चहा नाही, हा आजीचा कायदा. त्यावर सहावीतली तू म्हणालीस, "पिणार नाहीये, खाणार आहे." आजी निरुत्तर झालेली मी तेवढी एकदाच पाहिली. त्या दिवशी पॉटात आमरसाऐवजी चहा पडला. तुझ्या बढतीचं कळलं तेव्हा मला आधी हेच आठवलं. आईला म्हटलं, आता त्या बेंगळुरूवाल्यांचं काही खरं नाही.

आणि तीच तू ऑफिसात लिफ्टपाशी चक्कर येऊन पडलीस, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही अक्काकडून. आई काही बोलली नाही. हळीव निवडत बसली. लाडू कुरियरने येतील, रोज एक खा. मैत्रिणींना वाटून टाकू नकोस.

हे आइस्क्रीम रात्री खाऊ नकोस, गोठवलं म्हणून कॅफीन कुठे जात नाही. आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे दोन तास तर नकोच. त्यात चहाही आहे आणि दूधही, दोन्ही लोहाच्या आड येतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. पोट साफ होत नाही, रंग काळा दिसतो म्हणून मध्येच सोडू नकोस, ते गोळीमुळेच होतं. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना गोळी बदलून माग, पण सोडू नकोस.

नाही काढणार म्हणालो आणि पुन्हा तिथेच आलो. तू मोठी आहेस, तुझं तुला कळतं, सगळं मान्य. तरी रात्री तीनला जाग येते आणि मग तुझा 'लास्ट सीन' बघतो. तूही जागीच असतेस.

तुझा,
बाबा

ता. क. पुढची रक्ततपासणी कधी आहे ते मला सांगायचं नसेल तर आईला सांग. मला सांगायचं नाही असं तिला बजावलंस तरी चालेल, ती सांगतेच.