केबलच्या पिनांवरचा हिरवा थर

महोदय,

गणेशोत्सवाआधी मंडळांच्या माइकच्या केबल पेट्यांतून निघतात, तेव्हा मुंबईच्या दमट हवेने पिनांवर हिरवा थर धरलेला असतो. निकेलचा मुलामा झिजला की खालचं पितळ गंजतं आणि स्पीकर खरखरतो. कृपा करून पिनांवर पॉलिश पेपर घासू नका. उरलासुरला मुलामाही जातो. आधी अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सरचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) बंद करा, केबल काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा इअरबड जेमतेम ओला करून, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पिना पुसा. केबलच्या टोकाला पिनांऐवजी जॅक (एकच जाड दांडी) असेल, तर त्यावरच्या काळ्या कड्याजवळची खाच हमखास राहून जाते, तिथेच मळ बसतो. चिकट टेपचा डिंकही यानेच सुटतो. ५ मिनिटं वाळवा. तरीही खरखर राहिली, तर कनेक्टर, म्हणजे केबलचं टोक, उघडून आतलं सोल्डर (तारांचे डाग दिलेले जोड) तपासा.

— एक ध्वनितंत्रज्ञ, लालबाग, मुंबई