जिन्याखालची खोली रिकामी करा

नॉर्मन, ओक्लाहोमा
शनिवार, दुपार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी आपण व्हिडिओ कॉलवर असताना भोंगा वाजला, तेव्हा आई दचकून म्हणाली, "अगंबाई, एम्प्रेस मिलचा भोंगा तिकडे कुठून आला?" आत्ताही तोच वाजतोय. टॉर्नेडोचे भोंगे नीट चालतात ना, हे इथे दर शनिवारी दुपारी १२ वाजता वाजवून बघतात. आभाळ भरलेलं असलं तर नाही वाजवत, उगीच घबराट नको म्हणून. मी एवढं सांगेपर्यंत बाबांनी विचारलं, "मग खरा वाजला की तुम्ही लपता कुठे?" आणि नेमका फोन तुटला.

त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आहे. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात आई बोलत असते, म्हणून पत्र. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

तर बाबा, तळघरात लपत नाही. तुम्ही भूगोलाच्या तासाला सांगायचात की टॉर्नेडो आला की अमेरिकन माणूस तळघरात उतरतो. इथे तळघरं फार कमी घरांना आहेत. एक कारण माती. आपली काळी माती कशी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि कंपाउंडच्या भिंतीला दर वर्षी नवी भेग देते, तशीच इथली लाल चिकणमाती. तिच्यात तळघर बांधणं महाग पडतं. मग जमिनीवरच काँक्रीटचा एक जाड थर ओततात आणि त्यावर लाकडाची चौकट उभी करून घर बांधतात. भिंतींना आतून पातळ जिप्समचे बोर्ड. रवीनं कॅलेंडर लावायला खिळा ठोकला तर हातोडी आत गेली. आपल्याकडे स्लॅब डोक्यावर असतो, इथे पायाखाली. मोठा टॉर्नेडो गेला की बरेचदा तेवढाच शिल्लक राहतो, झाडून काढल्यासारखा.

आमच्या उत्तरेला लागूनच मूर नावाचं गाव आहे. ३ मे १९९९ ला तिथे जो टॉर्नेडो आला, त्यातला वारा रडारनं मोजला, तो ताशी ४८० किलोमीटरच्या वर होता. मग २० मे २०१३ ला पुन्हा तसाच, त्याच गावात. २४ माणसं गेली, त्यांतली ७ एका शाळेतली मुलं. त्या शाळेत लपायला पक्की खोली नव्हती. ईशानची शाळा बघायला गेलो तेव्हा मी फीच्या आधी ते विचारलं.

तर आमची जागा म्हणजे घराच्या मधोमध असलेली कपडे टांगायची खोली. आपल्या देवघराएवढी. खिडकी नाही, आणि कुठल्याही बाजूनं बाहेरचा वारा यायचा तर त्याला आधी आणखी एक भिंत फोडावी लागते. सगळं गणित एवढंच आहे. माणसं नुसत्या वाऱ्यानं कमी मरतात. वाऱ्यानं फेकलेल्या वस्तूंनी मरतात, म्हणजे फळ्या, काचा, विटा, कुणाच्या तरी छपराचा तुकडा. म्हणून जितक्या जास्त भिंती मध्ये, तितकं बरं. खोली लहान असली की भिंती एकमेकींना धरून राहतात, मोठ्या हॉलचं छत आधी जातं. आणि जितकं खाली तितकं चांगलं, कारण आधी छप्पर उडतं, मग वरचा मजला.

इथे 'वॉच' आणि 'वॉर्निंग' असे दोन शब्द आहेत. वॉच म्हणजे हवा तशी आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे कुणाला तरी दिसलाय किंवा रडारवर आलाय, हातातलं टाकून आत जा. त्यानंतर मिळतात साधारण दहा-पंधरा मिनिटं, कधी तेवढीही नाहीत.

मागच्या महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला माझी शेवटून दुसरी पोळी तव्यावर होती आणि तिन्ही मोबाईल एकदम किंचाळले. मी गॅस बंद केला, पोळी तशीच राहिली. ईशाननं सायकलचं हेल्मेट घातलं, आम्हीही आपापली घातली. पायांत बूट, कारण नंतर बाहेर पडायची वेळ आली तर सगळीकडे खिळे आणि काचा असतात. तिघांच्या डोक्यावर गादी. चाळीस मिनिटं बसलो. माझ्या नाकासमोर आईनं दिलेली पैठणी, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, हलत होती. टॉर्नेडो दूर उत्तरेला गेला. आमच्याकडे नुसत्या सुपारीएवढ्या गारा पडल्या. घाबरू नका म्हणून आजवर सांगितलं नव्हतं. रागवा आता.

आणि आम्ही फार शहाणे आहोत असंही नाही. पहिल्या वर्षी भोंगा वाजला तेव्हा आम्ही दोघं अंगणात उभं राहून शूटिंग करत होतो. वर कुणीतरी सांगितलं होतं की घरातला आणि बाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, तर त्याही सताड उघडल्या. ते साफ खोटं आहे. उघड्या खिडकीतून वारा आत घुसतो आणि छताला खालून ढकलतो. शिवाय खिडक्या उघडत फिरण्यात वेळ जातो, तोही काचेजवळ.

असो. त्या चाळीस मिनिटांत मी अंधारात बसून नागपुरातल्या आपल्या प्रतापनगरच्या घरात फिरत होते. गच्चीपासून खालपर्यंत. आंधी आली तर तुम्ही दोघं कुठे जाल?

बाबा म्हणतील, आपल्याकडे कुठला टॉर्नेडो? खरंय, नागपूरला तसा येत नाही. पण भारतात येतच नाही असं मात्र नाही. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत विद्यापीठाच्या भागात आला होता, २८ माणसं गेली होती. आणि आपली उन्हाळ्यातली वावटळ, जिच्यावर आजी आम्हाला थुंकायला लावायची, ती म्हणजे छोटा टॉर्नेडो असं तुम्ही एकदा म्हणाला होतात, ते चूक. वावटळ तापलेल्या जमिनीवरून, स्वच्छ उन्हात वर उठते. टॉर्नेडो गडगडाटी ढगातून खाली येतो. (निवृत्त मास्तरांची चूक काढायला मिळाली, आजचा दिवस बरा आहे.)

पण मला काळजी आंधीचीच आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर भट्टी पेटते, चारनंतर ढग चढतात आणि मग ढगातली गार हवा धाडकन जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. हे वारं गोल फिरत नाही, सरळ येतं, पण पत्रा उडवायला तेवढं पुरतं. मी दहावीत असताना शेजारच्या गॅरेजचा पत्रा उडून आपली कपडे वाळत घालायची तार तोडून निंबाच्या झाडात रुतला होता, आठवतो? आई त्याच तारेखाली उभी होती पाच मिनिटं आधी. लुगड्यावर घातलेल्या कुरड्या गोळा करायला वर गेली होती.

आई, हे तुझ्यासाठी. वारं सुटलं की सगळं घर खाली येतं आणि तू वर जातेस. कुरड्या, सरगुंडे, सांडगे. आणि तुझ्या मागे बाबा जातात, टाकीचं झाकण बघायला. आपलं घर इथल्या घरांपेक्षा कितीतरी मजबूत आहे, नऊ इंची भिंती आहेत, वर स्लॅब आहे. घर तुम्हाला काही करणार नाही. भीती आहे ती गच्चीची, म्हणजे घरातल्या एकमेव अशा जागेची, जिथे तुम्ही हमखास धावता. वाळवण गेलं तर गेलं, काहून जीव टाकतेस त्याच्यावर? दिवाळीला येताना मी इथल्या इंडियन दुकानातून कुरड्या आणते. वाईट असतात, पण आणते.

आता खोली-खोली बघू. बाबांची वरची खोली बाद, तिच्यावर टिनाचे पत्रे आहेत. दुपारच्या झोपेत आंधी आली तरी उठून खाली या. हॉल बाद. दुरुस्तीत ती सरकत्या काचांची मोठी खिडकी तुम्ही हौसेनं केलीत आणि तिच्या शेजारच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर कुलर. वारं सुटलं की कुलरचं बटण बंद करा, प्लग काढा, मग त्याच्याकडे बघूही नका. स्वयंपाकघराला मागचं दार आहे, ते वाऱ्यानं दोनदा उघडलेलं मला माहीत आहे.

बाथरूमचा मी बराच विचार केला, कारण इथे ज्यांच्याकडे आमच्यासारखी खोली नाही ते बाथरूममध्येच जातात. लहान असते, आणि भिंतीतल्या पाइपांचाही थोडा आधार होतो. पण आपल्या आंधीबरोबर विजा असतात आणि कुठे पडलेली वीज लोखंडी नळांतून घरात येऊ शकते. विजा चालू असताना आंघोळ नको, भांडी नकोत. शिवाय तुमच्या बाथरूमला वर काचेच्या झडपा आहेत आणि खाली आईनं एकदा पाय घसरून घेतलेली फरशी. नको.

राहिली जिन्याखालची खोली. तीच आहे ती जागा! घराच्या मधोमध, खिडकी नाही, नळ नाही, डोक्यावर जिन्याचं तिरपं काँक्रीट. मला आश्चर्य वाटतं की लपाछपीत मी कायम तिथेच लपायचे आणि तिचा विचार करायला मला पस्तिशी उलटावी लागली.

फक्त तिच्यात आज माणूस मावत नाही. पहिली गोष्ट, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी बाहेर पॅसेजमध्ये काढा. बंद खोलीत बॅटरीचा वायू साठतो, तो पेट घेऊ शकतो, आणि त्याच्या शेजारी गुडघा टेकून बसायचं हे काही बरोबर नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाबांनी स्वतः वायरी ओढू नयेत. रॉकेलचा जुना डबा आहे अजून, तो द्या कुणाला तरी. गव्हाची कोठी राहू दे, ती कुठे उडत नाही. दोन खुर्च्या ठेवा, पाट नको, आईला पाटावरून उठवायला मग मी लागेन. एक टॉर्च, बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी, पाण्याची बाटली, दोघांचे बूट. आणि दोन हेल्मेट. हो, स्कूटरची. गाडीवर घालत नाही ते घरात घाला म्हणते आहे, हसा.

दाराला बाहेरून कडी आहे ती काढून टाका. वाऱ्यानं दार आपटून कडी बसली तर कोण उघडणार?

गच्चीवरची टाकी उन्हाळ्यात संध्याकाळी भरून ठेवत जा. भरलेली हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, ती हलत नाही. रिकामी मात्र पतंगासारखी जाते.

मोबाईलमध्ये दादानं 'दामिनी' टाकून दिलंय, ते उघडत जा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपास वीस-चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. सोनेगावच्या हवामान केंद्राचा इशारा पेपरात येतो, तोही वाचा. ऑरेंज अलर्ट म्हणजे संत्र्याचा सिझन हा विनोद बाबांचा आता पुरे झाला. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास आतच बसायचं. पत्ते ठेवा हवं तर.

आणि एक. हे सगळं वाऱ्यासाठी. पाण्याला उलटं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी घराघरांत शिरली, आणि मामा पहाटे अंथरुणावरून पाय खाली टाकतात तो पाण्यात. तसं काही झालं तर जिन्याखाली अजिबात जायचं नाही, जिन्यानं वर जायचं. वारं आलं तर खाली आणि आत, पाणी आलं तर वर. कागदावर लिहून फ्रिजला लावा.

सामान कुठे हलवायचं म्हणाल, तर बाबांच्या मासिकांचे गठ्ठे माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवा, ते रिकामंच आहे. दिवाळीचे आकाशकंदील पलंगाखाली जातील. मग उरते ती हिरवी पत्र्याची पेटी. गेले दोन दिवस मी मनातल्या मनात ती कुठे ठेवायची ते बघते आहे आणि अर्धी खोली तिनंच अडवली आहे हे लक्षात येतंय. पेटी माझीच. पाचवीपासूनच्या वह्या, स्नेहसंमेलनाचे मुकुट, आणखी काय काय. जाताना मी सांगून गेले होते की कुणी हात लावायचा नाही, आणि सोळा वर्षं तुम्ही लावला नाहीत.

ती रद्दीवाल्याला देऊन टाका. उघडून बघत बसू नका. खोली झाली की फोटो पाठवा, आत दोन्ही खुर्च्यांवर तुम्ही बसलेले.

तुमची,
मनू