ताटं एकदम आणू, का एकामागून एक?

काका, सप्रेम नमस्कार.

अंबाबाईचं दर्शन घेऊन त्या दुपारी तुम्ही वाढता त्या खानावळीत आम्ही जेवायला आलो होतो. तीन वर्षांची मुलगी, आठ महिन्यांचा मुलगा आणि आम्ही दोघं. इतक्या गर्दीत तुम्हाला आम्ही आठवणारही नाही, पण तुमचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

मोठी माणसं भूक दाबून अर्धा तास बसतात. लेकरं नाही बसू शकत. आणि बहुतेक ठिकाणी त्यांचंच जेवण सगळ्यात शेवटी येतं, तेही "तिखट नको" असं बजावून सांगितल्यावर तिखटच. तुम्ही आमची मटण थाळी लिहून घ्यायच्या आधीच विचारलंत, "पोरांना काय आणू?" लगेच वरणभात आणि तूप आलं. बाळासाठी वेगळ्या वाटीत बिनफोडणीचं, बिनमिठाचं वरण. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ देऊ नका, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. तुम्हाला ते सांगावंही लागलं नाही.

मुलीने पांढऱ्या रश्श्याची वाटी ओढली, तेव्हा तुम्ही पटकन म्हणालात, "ताई, तो नको. दिसतो दुधासारखा, पण मिरी लागते." नारळाच्या दुधाचा तो रंग बघून बाहेरगावच्या माणसाला तो सौम्यच वाटणार. उकळता तांबडा रस्साही तुम्ही तिच्या हाताला लागणार नाही असा भिंतीकडे सरकवलात. सोलकढी सांडली तेव्हा शेजारून त्रासिक नजर आली. तुम्ही "होतंय की" म्हणत फडकं फिरवलंत आणि तिला पुन्हा सोलकढी आणलीत, स्टीलच्या पेल्यात, अर्धाच पेला भरून.

पण मला सगळ्यात जास्त भावला तो तुमचा प्रश्न: "ताटं एकदम आणू, का एकामागून एक?" आम्ही आळीपाळीनेच जेवतो. एक जण जेवतो, दुसरा बाळाला घेऊन फिरतो आणि दुसऱ्याचं ताट तोवर गार होतं. हे आजवर कुठल्याही हॉटेलात कुणी विचारलं नव्हतं. ह्यांचं जेवण झाल्यावर माझं ताट आलं. भाकरी तव्यावरची, रस्सा वाफाळता. मुलगा झाल्यापासून बाहेर मी इतकं निवांत जेवलेच नव्हते.

हे पत्र तुमच्या मालकांच्या वाचनात आलं, तर त्यांनाही कळू दे की आम्ही पुन्हा येणार आहोत ते तुमच्यामुळे. तुमचे मनापासून आभार, काका.

तुमची,
दोन लेकरांची आई, पुणे