आई-बाबा, द्रासची तिकिटं काढलीयेत

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा तुम्ही फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहितेय. वहिनी, चिनू आणि मी जुलैत द्रासला जातोय, कारगिलच्या लढाईत आपला दादा गेला तिकडे. २६ तारखेला, विजय दिवसाला, तिथे असू. तिकिटं काढून झालीत. तुम्हाला नेत नाहीये.

रागावू नका, पूर्ण वाचा. द्रास दहा हजार फुटांच्या वर आहे आणि श्रीनगरहून जायचं तर मधे जोझिला, तो साडेअकरा हजार. बाबांची बायपास झालेली, आईला तर आता वणीलासुद्धा ट्रॉलीनेच वर न्यावं लागतं. डॉक्टरांनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत नाही म्हटलं. तुम्हाला श्रीनगरला हॉटेलात ठेवून आम्ही पुढे जावं असंही डोक्यात आलं होतं, पण दोघं तिथे भिंतीकडे बघत बसणार, त्यापेक्षा नाशिकरोडचं आपलं घर बरं ना? दिल्लीला मात्र फेब्रुवारीत मी स्वतः नेणार. तिथल्या वॉर मेमोरियलमध्येही दादाचं नाव ग्रॅनाइटवर कोरलंय आणि जागा सपाट आहे.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं घरी येईल त्याला एकच विचारता, तोफखान्यातला पोरगा डोंगरावर कशाला गेला? कॅम्पातल्या साहेबांनी सांगितलं होतं, पण तेव्हा कोणाला काय ऐकू येत होतं. तोफा कितीतरी किलोमीटर मागे असतात हो, तोफेवरच्यांना शिखर दिसत नाही. मग ओपी पार्टी, म्हणजे एक साहेब आणि रेडिओवाले दोन-चार जवान, इन्फंट्रीबरोबर वर चढतात आणि गोळा कुठे पडला ते बघून सांगतात, शंभर वाढवा, पन्नास डावीकडे. दादा रेडिओवाला होता. त्याला कुणी चुकून पाठवलं नव्हतं, त्याची जागाच ती होती. १९९९ च्या १३ जूनला तोलोलिंगचं शिखर हाती आलं, आठवड्याने ५१४० नंबरचं शिखर आलं, आणि त्या ५१४० ला २०२२ मध्ये गन हिल नाव दिलंय, तोफखान्याच्या मानासाठी. ते मला बघायचंय. तुमच्या वतीने पण.

आई, देवळालीला तोफांचं फायरिंग सुरू झालं की तू अजून खिडक्या लावतेस, भांडी वाजतात म्हणतेस. भांड्यांसाठी लावत नाहीस, माहितीये मला. परवा मला रंगपंचमीची रहाड, तो रंगाच्या पाण्याचा हौद, आठवली, दादाने मला ढकललं आणि मी रडायला लागले तर कपड्यांसकट स्वतः उडी मारली, आणि घरी आल्यावर तू दोघांनाही झोडपलंस, माझा काय दोष होता ते अजून कळलेलं नाही.

तू रामकुंडाचं पाणी देणारच. छोट्या बाटलीत दे, झाकणावर टेप लाव, मी चेक-इनच्या बॅगेत ठेवीन. चिवडा पण दे, तिथल्या जवानांना वाटेन.

आम्ही नसताना प्रशांत राहायला येतोय. जावई आला म्हणून रोज पुरणपोळी लाटत बसू नकोस, त्याला पिठलं-भाकरीच हवी असते. डबेवाल्या ताई संध्याकाळी येतील. बाबांच्या गोळ्या मी वारांच्या डबीत भरून ठेवते, सकाळची पांढरी नाश्त्यानंतर, आधी नाही. बाथरूममध्ये रबरी मॅट टाकलीय ती गुंडाळून ठेवू नका, दिसायला वाईट आहे म्हणे!

२६ ला सैनिक कल्याणवाल्यांचा फोन येईल, शाल-श्रीफळासाठी. पाऊस असेल तर जायचं नाही, आणि जाणार असाल तर प्रशांतच्या गाडीने. रिक्षा नको.

चिनूचं मला काही कळत नाही. एक अक्षर बोलत नाही, पण श्रीनगरहून पुढची गाडी त्यानेच बुक केली आणि दादाचा तो चष्म्याचा फोटो वहिनीकडून मागून घेतला. बाबा, त्याला निघायच्या आधी एकदा जवळ बसवा. उपदेश नको, नुसतं बसवा.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, वहिनीचं पोस्टपेड आहे, तेव्हा तिच्याच नंबरवर करायचा. नाही लागला तर नाही लागला, डोंगरात रेंज जाते. लगेच टीव्ही लावून बसू नका. प्रशांतला सांगून ठेवलंय, त्या दिवशी न्यूज चॅनेल लावलंत तर सरळ सेटटॉप बॉक्सची वायर काढेल.

तुमची,
मनू