आधी शिक्का बघ

नेपरव्हिल, इलिनॉय
रविवार, २१ एप्रिल २०२४

प्रिय पिंट्या,

पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आधी नीट बघ. तारीख दिसत नसेल तर वहिनींचा चष्मा लाव. बघितलास? आता पुढं वाच.

गेल्या आठवड्यात फोनवर तू मला टोमणा मारलास ना, "तुझं कायमचंच आहे मर्दा, मॅच संपली की 'मी म्हणालोच होतो'." तो लागला मला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं पुसता येतं, म्हणून सरळ कागद-पेन घेतलं. उद्या सकाळी पोस्टात जाऊन काउंटरवर हातानं शिक्का मारून घेणार आहे. हे पत्र कोल्हापुरात पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल आणि तू माझ्यापेक्षा शहाणा असशील. हसायचं तेवढं हस.

गुरुवारी, पंचवीस तारखेला, एनएफएलचा, म्हणजे इथल्या फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट आहे. "ड्राफ्ट म्हणजे डिमांड ड्राफ्टच का रे?" असं तू विचारलंस. जन्म बँकेत गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! तर ऐक. इथलं फुटबॉल आपलं नव्हे हे तुला माहीत आहे; चेंडू लांबुळका आणि त्याला पाय लावायचा प्रसंग क्वचितच. संघ बत्तीस. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं हे संघ दर एप्रिलमध्ये आपापसांत वाटून घेतात. आयपीएलसारखी बोली नाही. गेल्या हंगामात जो तळाला गेला त्याचा पहिला नंबर, जो जिंकला त्याचा शेवटचा. अशा सात फेऱ्या. पहिल्या फेरीत नाव सांगायला दहा मिनिटं मिळतात. आणि पोराला कुणी विचारत नाही, बाळा तुला कुठं जायचंय.

हेच आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलात करून बघ. पाटाकडील तालमीचा झेंडा बघत वाढलेलं पोरगं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं उचलून शिवाजी तरुण मंडळाला देऊन टाकलं, तर? शाहू स्टेडियमचं कुलूप उघडायच्या आधीच मारामाऱ्या. त्यापेक्षा आपली पद्धत बरी. नोंदणीच्या आधी महिनाभर कट्ट्यावर कुजबुज, "तो अमक्या तालमीत चाललाय म्हणे, गाडी दिली म्हणे." इथं ती कुजबुज जानेवारी ते एप्रिल चालते, एवढाच फरक.

इथंही सगळे मुकाट ऐकतात असं नाही. १९८३ साली जॉन एलवेनं बाल्टिमोरला जायला नकार दिला, २००४ मध्ये ईलाय मॅनिंगनं सॅन डिएगोला; दोघांनाही शेवटी दुसरीकडं द्यावं लागलं. आणि पहिल्याच ड्राफ्टची गंमत सांगतो. १९३६ साल. सगळ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं जे बर्वँगरचं, शिकागो विद्यापीठाचा पोरगा. निवडलं फिलाडेल्फियानं, पण त्यांना तो परवडेना, म्हणून हक्क दिले आमच्या शिकागो बेअर्सना. आमचे जॉर्ज हॅलास आणि तो पैशाला बसले, जुळलं नाही, आणि गडी एकही मॅच न खेळता नोकरीधंद्याला लागला. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातलं पहिलं नाव आमच्या पदरात पडलं आणि मैदानात उतरलंच नाही. बेअर्सचा चाहता असणं म्हणजे काय ते एवढ्यात ओळख.

यंदा पहिला पिक, म्हणजे निवडीचा पहिला नंबर, आमचा आहे. १९४७ नंतर पहिल्यांदा पहिलं नाव आम्ही सांगणार! तोही आमच्या नालायकीनं मिळालेला नाही, ही खरी मजा. हे तुला लगेच कळेल, कारण हा सरळ पीककर्जाचा मामला आहे. गेल्या वर्षीही पहिला नंबर आमचाच होता. कॅरोलायना पँथर्सना क्वार्टरबॅकची घाई. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा संघ ज्याच्या डोक्यावर चालतो तो. त्यांनी आमच्याकडून तो पहिला नंबर घेतला आणि बदल्यात डी. जे. मूर हा तयार खेळाडू दिला, त्या वर्षीचे नववा आणि एकसष्टावा असे दोन पिक दिले, २०२५ च्या दुसऱ्या फेरीचा दिला, शिवाय २०२४ चा पहिल्या फेरीचा तारण ठेवला. त्यांना वाटलं, आपण आता चांगलं खेळणार, म्हणजे तो पिक विसावा-पंचविसावा असेल, गेला तर गेला. आणि झालं काय, सतरापैकी दोन मॅच जिंकून पँथर्स तळाला! त्यांचं पीक बुडालं आणि आमचं पिक पिकलं. मूरनं तेवढ्यात आमच्यासाठी १,३६४ यार्ड काढले, ते व्याज समज.

तर पहिल्या नंबरला कोण, यावर यंदा वादच उरलेला नाही. केलेब विल्यम्स. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, २०२२ ची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलातल्या सगळ्यात भारी खेळाडूचा मान, त्याचीच. नखं रंगवतो म्हणून काही म्हाताऱ्यांच्या पोटात दुखतं. नोव्हेंबरात एक मॅच हरल्यावर आईच्या गळ्यात पडून रडला म्हणून आणखी काहींच्या. मध्ये आवई उठली होती की त्याला शिकागोत यायचंच नाही. माझ्या मते सगळं रिकामटेकड्यांचं काम. पण पिंट्या, पहिला नंबर ठरलेला असणं हे एक प्रकारे कंटाळवाणं आहे बघ. लग्न ठरल्यावर स्थळं बघण्यात राम नाही.

घरात मात्र अजून लढाई चालू आहे. पोरीचा जीव जस्टिन फील्ड्सवर. तो आमचा आधीचा क्वार्टरबॅक. २०२१ मध्ये विसाव्या नंबरावरून अकराव्यावर उडी मारून त्याला घेतला होता. पळायचा असा की सगळं स्टेडियम उठून उभं राहायचं. फेकण्यात मात्र सातत्य नाही. ३१ डिसेंबरला मी पोरीला घेऊन सोल्जर फील्डवर गेलो होतो, घरच्या मैदानावरची हंगामातली शेवटची मॅच, अटलांटाशी. बर्फ पडत होता. तिचे हातमोजे भिजून जड झाले, तर मी माझे पायमोजे काढून तिच्या हातात घातले आणि स्वतः बुटात नुसत्या पायानं उभा राहिलो. ३७-१७ जिंकलो. शेवटी लोकांनी घोष सुरू केला, "वी वाँट फील्ड्स". लोकांना कळत होतं पहिला नंबर येतोय, त्याच्या जागी दुसरा येणार. तरी ओरडत होते. पोरगी ओरडत होती, आणि खरं सांगू, मीही ओरडलो. घरी येताना गाडीत मात्र डोक्यात विल्यम्सच. दोन दगडांवर पाय.

१६ मार्चला फील्ड्सला पिट्सबर्गला देऊन टाकला. बदल्यात काय? पुढच्या वर्षीचा सहाव्या फेरीचा पिक. तो तिकडं पुरेसा खेळला तर चौथ्या फेरीचा. भंगाराच्या भावात! पोरीनं एक नंबरची त्याची जर्सी कपाटातून काढली, घडी केली आणि माझ्या उशीवर आणून ठेवली. काही बोलली नाही. आता रोज विचारते, "बाबा, गुरुवारी तुम्ही टाळ्या वाजवणार का?" तुमच्याकडं वानखेडेवर यंदा हार्दिकची हुर्यो उडतेय ना, त्यातला जिव्हाळा मला यामुळंच समजतो. राग नव्या माणसावर नसतोच फारसा.

माझी भीती वेगळी आहे. २०१७ चा ड्राफ्ट मी इथल्याच एका दोस्ताच्या तळघरात बघितला होता. आमचा नंबर तिसरा. एका जागेनं पुढं सरकण्यासाठी आणखी तीन पिक मोजले आणि मिच ट्रुबिस्की घेतला. दहाव्या नंबरला कॅन्सस सिटीनं घेतला पॅट्रिक महोम्स. त्यानं या फेब्रुवारीत तिसरा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. आमचा आजवरचा एकमेव सुपर बोल जानेवारी १९८६ मधला. आणि शंभर वर्षं जुन्या आमच्या संघाच्या एकाही क्वार्टरबॅकनं एका हंगामात चार हजार यार्ड फेकलेले नाहीत. एरिक क्रेमरचे १९९५ चे ३,८३८ हा आमचा विक्रम. दूध पोळलेली माणसं आम्ही, ताक फुंकूनच काय, गाळून पितो.

म्हणून सगळी चर्चा आता नवव्या नंबरावर. तो आमचा स्वतःच्या कमाईचा, सात जिंकलो दहा हरलो त्याचा. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आम्ही सात जण आहोत: एक पोलिश, दोन तेलुगू, एक शिकागोच्या दक्षिण भागातला अस्सल बेअर्सवाला, एक चुकून इथं नोकरीला आलेला ग्रीन बेचा गद्दार, एक कुणाचाच नाही आणि मी. प्रत्येकानं पाच डॉलर आणि पहिली नऊ नावं चिठ्ठीवर लिहून रिकाम्या लोणच्याच्या बरणीत टाकायची. बरणी माझी, त्यामुळं चिठ्ठ्यांना तेलाचे डाग आणि मेथीचा वास. गद्दार म्हणाला, विजेत्याला वासावरून ओळखता येईल.

हिशेब असा आहे की आमच्या आधी जितके क्वार्टरबॅक जातील तितकं आमचं ताट भरलेलं. दुसऱ्या नंबरला वॉशिंग्टन, तिसऱ्याला न्यू इंग्लंड, दोघांनाही क्वार्टरबॅक हवाय. त्यातून मिनेसोटा मागून वर यायला टपलेलं. आठव्या नंबरला अटलांटा, आणि तीच आमची खिंड. त्यांनी मार्चमध्येच कर्क कझिन्सला मोठ्ठा करार दिलाय, त्यामुळं ते क्वार्टरबॅक घेणार नाहीत, यावर मी घर लावायला तयार आहे. (बायकोला सांगू नकोस.) ते बचावातला कुणीतरी घेणार.

मग आम्हाला कोण? समोरच्या घरातले आजोबा म्हणतात, पलीकडच्या क्वार्टरबॅकला आडवा करणारा पाहिजे, म्हणजे डॅलस टर्नर. एका बाजूला माँटेझ स्वेट आहेच. आजोबांच्या बोलण्याला वजन आहे. एका ड्राफ्टमध्ये दोन भारी माणसं मिळणं म्हणजे काय ते त्यांनी बघितलंय. १९६५ चा ड्राफ्ट: तिसऱ्या नंबरला डिक बटकस, चौथ्याला गेल सेयर्स, दोघंही आमचे, दोघंही हॉल ऑफ फेममध्ये. गेल्या ऑक्टोबरात बटकस गेले तेव्हा आजोबांनी त्यांची एक्कावन्न नंबरची जर्सी हँगरला लावून पोर्चमध्ये टांगली होती, पावसात आठवडाभर भिजली तरी काढली नाही.

माझं मन मात्र रोम ओडुन्झेवर बसलंय. वॉशिंग्टन विद्यापीठाचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, सव्वासहा फुटी, गेल्या हंगामात १,६४० यार्ड, देशात सगळ्यात जास्त. नव्या पोराला फेकायला कुणीतरी पाहिजे की नाही? मूर आहे, कीनन अ‍ॅलन नुकताच आणलाय, पण त्याचं वय झालंय. आजोबा म्हणतात, चैन आहे ही, घराला छप्पर नाही आणि झुंबर आणतोस. असेलही. आमच्याकडं आत्ता एकूण पिकच चार आहेत: पहिला, नववा, पंचाहत्तरावा, एकशे बाविसावा. दुसऱ्या फेरीचा स्वेटसाठी गेला. म्हणजे गुरुवारी जे होईल ते होईल, शुक्रवार-शनिवार बसून चणे खायचे.

आणि ही पारख करतात कशी ते बघितलंस तर तुला वडगावचा जनावरांचा बाजार आठवेल. दर वर्षी इंडियानापोलिसला पोरांना बोलावतात, अर्ध्या चड्डीवर उभं करून उंची, वजन, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा मोजतात, चाळीस यार्ड पळवतात. यंदा झेवियर वर्दी ४.२१ सेकंदांत पळाला, विक्रम झाला. दात तेवढे बघत नाहीत. एवढं करूनही चुकतं ते चुकतंच. पुढं सात सुपर बोल जिंकलेला टॉम ब्रेडी १९९ वा गेला होता. ब्रॉक पर्डी २०२२ चा सगळ्यात शेवटचा, २६२ वा, आणि यंदा सुपर बोलमध्ये महोम्सच्या समोर उभा! मोजपट्टीवाल्यांना पगार मिळतो, आम्ही फुकट चुकतो.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सुरू. तुझ्याकडं शुक्रवारची पहाट, साडेपाच. मिसळ करणार आहे, कांदा-लसूण मसाला तू पाठवलेला शेवटचा उरलाय तोच. आजोबांना पाव आणि दही जास्त. पोरगी म्हणते, ती वरच बसणार, खाली येणार नाही. केलेबचा कॉलेजातला नंबर तेरा. कीनन अ‍ॅलनचाही तेराच. मग नव्याला कुठला देतील, हे मात्र ती काल सहज विचारून गेली. मी पण सहजच म्हणालो, माहीत नाही.

काकूंना नमस्कार सांग. गुडघ्याचं काय झालं ते लिही. पाटाकडीलचे निकालही लिही, तेवढ्यासाठी मला रात्री अकरा वाजता कुणाकुणाचे स्टेटस बघत बसावं लागतं.

तुझाच,
पक्या

ता. क. ही माझी चिठ्ठी, बरणीतलीच नक्कल: १ विल्यम्स, २ जेडन डॅनियल्स, ३ ड्रेक मे, ४ मार्विन हॅरिसन धाकटा, ५ मलिक नेबर्स, ६ जे. जे. मॅकार्थी, ७ जो आल्ट, ८ टर्नर, ९ ओडुन्झे. सहाव्या ठिकाणी खाडाखोड दिसतेय ती पाकीट बंद करायच्या आधीची आहे. शिक्का बघ.