न आलेल्या पेशंटची किंमत कोण भरतो?

मा. संपादक,

अपॉइंटमेंट घेऊन न येणाऱ्या पेशंटकडून काही क्लिनिक आता पैसे घेऊ लागली आहेत. 'उपचारच झाले नाहीत, मग पैसे कसले?' हा लोकांचा सवाल मी नेहमी ऐकते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

अर्धांगवायू झालेल्या पेशंटला व्यायाम द्यायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ माझे दोन्ही हात त्या एकाच माणसासाठी असतात. तो आला नाही तर गेलेला पाऊण तास संध्याकाळी दुसऱ्याला देता येत नाही. जागेचे भाडे आणि मदतनिसाचा पगार मात्र सुटत नाही. पण मला जास्त सलते ते वेगळेच. 'या आठवड्यात वेळ नाही' असे सांगून ज्याला परत पाठवले, तो त्या वेळेत आला असता! अर्धांगवायूनंतरचे पहिले काही महिने किती मोलाचे असतात, हे त्याच्या घरच्यांना विचारा.

हा तोटा टाळण्यासाठी अनेक दवाखाने एकाच वेळेला तिघाचौघांना बोलावतात. एखादा आला नाही तरी काम अडत नाही. सगळे आले की मात्र दीड-दोन तास बाकावर बसावे लागते, आणि बसतो तो वेळ पाळणाराच. शुल्क नसले तरी किंमत कुणीतरी भरतेच.

मात्र मनाला येईल तो आकडा लावणे मलाही मान्य नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच हवी, आणि नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित करारात धरली आहे. रक्कम अपॉइंटमेंट देतानाच सांगावी, आदल्या दिवशी मेसेज करावा, आणि वेळेत कळवणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नये. लोकल बंद पडली, घरात कुणी आजारी पडले, तर पैसे मागणे माणुसकीला धरून नाही.

नियम दोन्हीकडे सारखा हवा. डॉक्टरच ऐनवेळी आले नाहीत, तर रजा टाकून आलेल्या पेशंटला पुढच्या फीमध्ये तेवढीच सूट मिळावी. आमच्या व्यावसायिक संघटनांनी या दोन्ही अटी एकाच पाटीवर, मराठीत, दर्शनी भागात लावायचा आग्रह धरावा.

– एक फिजिओथेरपिस्ट, ठाणे